खर्चाची वही

तुळशीची लग्नं लागली, की आमच्या धंद्याला बरकत येते. आमचा धंदा म्हणजे लग्नाची शूटिंग. मुहूर्ताच्या दिवशी मी वर्गात का नसतो, हे सरांना आता तोंडपाठ झालं आहे. दिवसाचे अडीच हजार मिळतात, जेवण मांडवातलं, आणि कॅमेरा मामांच्या स्टुडिओचा. नवरीच्या तोंडावर लाइट मारायचा, अक्षता पडताना हात हलू द्यायचा नाही, आणि मानाच्या पाहुण्यांपैकी एकही सुटू द्यायचा नाही. एवढं साधलं, की माणूस उत्तम कॅमेरामन ठरतो.

गेल्या कार्तिकात आमच्याच कॉलेजच्या एक माजी विद्यार्थिनी मला शोधत कॅन्टीनमध्ये आल्या. त्यांना मी ताई म्हणतो. त्यांच्या आजोबांचं पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ होतं. ते कधीच मोडलं. पण गावात अजून एक चालू आहे, त्यावर त्यांना माहितीपट करायचा होता. बारा दिवसांचं काम, पहाटे तीनपासून. मानधन सगळे मिळून दहा हजार.

मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या बारा दिवसांत नऊ मुहूर्त होते. नवा अडीच साडेबावीस हजार. म्हणजे 'हो' म्हटलं तर साडेबारा हजारांचं नुकसान. आणि जानेवारीत धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती. "विचार करून सांगतो," म्हणालो. नाही म्हणायचं धाडस नसलं, की माणूस विचार करून सांगतो.

खरं तर माझं तोंड एकदा भाजलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी लघुपटासाठी तीन दिवस राबवून घेतलं होतं. "पैसे फारसे नाहीत, पण तुझं नाव होईल," असं म्हणाले होते. नाव आलं, पण चुकीचं छापून, आणि वाचायच्या आत निघूनही गेलं. पैसे आजतागायत आले नाहीत. मात्र पहिल्या खेळाच्या दिवशी हॉलचं भाडं, हारतुरे आणि दीडशे माणसांचं जेवण हे सगळं रोख चुकतं झालं होतं. पैसे नव्हते असं नाही. फक्त आमच्यासाठी नव्हते.

असे लोक मोठ्यांचे दाखले फार छान देतात. दादासाहेब फाळक्यांनी कशी झळ सोसली, 'पथेर पांचाली' कशी तुकड्यातुकड्यांनी पुरी झाली, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा कसा बनवला. ऐकता ऐकता आपल्याला पैशाचं नाव काढायची लाज वाटू लागते. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळून जाताना मलाही कित्येकदा तसं वाटलं आहे.

त्या रात्री जेवताना घरात विषय काढला. आई फीबद्दल बोलेल असं वाटलं होतं. पण ती गप्प वाढत राहिली, आणि ते जास्त लागलं. आबा शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. सिनेमाशी त्यांचा संबंध दूरदर्शनपुरता. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "पैसं कमी हाईत, ह्ये कळलं. पर त्ये कुणाच्या खिशातनं जात्यात, त्ये इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.

अंथरुणावर पडल्यावर त्या सगळ्या मोठ्या गोष्टी मला पुन्हा आठवल्या, पण आता आबांच्या प्रश्नासकट. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला, त्याआधी फाळक्यांनी स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं होतं आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. 1955 साली आलेल्या 'पथेर पांचाली'साठी सत्यजित रायांनी स्वतःची पॉलिसी गहाण टाकली, घरातले दागिने ठेवले. त्या चित्रपटाचे छायालेखक सुब्रत मित्र तेव्हा विशीत होते, आणि चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी त्यापूर्वी चालवलाही नव्हता. त्यांनी कमी पैशांत काम केलं असेल. पण ज्याचा चित्रपट होता, त्याचं घर आधी रिकामं झालं होतं. आम्हाला दाखले देणारे गृहस्थ नेमकी हीच ओळ गाळतात. त्याग सांगतात, पण पहिला दागिना कोणाच्या घरातला गेला, ते सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सरळ विचारलं, "एकूण खर्च किती, आणि कोणाला किती?" विचारताना कान तापले होते. त्यांना राग येईल असं वाटलं. त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही दहाच हजार. दोन लाइटवाल्यांना मात्र चालू दराप्रमाणे पुरी रोजंदारी. गुळव्याला आणि चुलवाणात चिपाड घालणाऱ्याला खोळंब्याचे वेगळे पैसे. कॅमेऱ्याचं भाडं, पेट्रोल, जेवण. शेवटच्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव आणि पुढे शून्य. जमेच्या बाजूला पहिली नोंद होती, 'स्कूटर विकली.' त्या कॅन्टीनला एस. टी.ने का आल्या, ते मला तेव्हा कळलं.

मी 'हो' म्हणालो. पण नुसतं नाही. अर्धे पैसे आधी, उरलेले शूटिंग संपल्याच्या दिवशी, आणि चित्रणाची एक प्रत मला. हे त्याच वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मामांना सांगायला गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं." माझ्या जागी त्यांनी दुसरा मुलगा घेतला. पुढच्या हंगामात तो राहील की मी, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. बहिणीची फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळाली. त्यासाठी आई कॉलेजात दोनदा जाऊन आली. हे सगळं त्या दहा हजारांच्या किमतीतच धरायला हवं.

आणि मिळालं काय? पहिल्या पहाटे काहिलीतला रस उकळू लागला आणि वाफेनं भिंग धुरकटलं. चुलवाणाचा जाळ तांबडा, ट्यूबलाइट निळसर. दोन्ही एका चौकटीत बसेनात. ट्यूब बंद करावी तर गुळव्याचा चेहराच दिसेना. शेवटी आठवलं, की 'अपराजितो'च्या वेळी, 1956 साली, मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. गुळव्याचं धोतर मागून घेतलं, आढ्याला बांधलं, आणि पिवळा लाइट वर मारला. चेहऱ्यावर मऊ उजेड उतरला, जाळाचा तांबडेपणा तसाच राहिला. भेंडीच्या रसानं वर आलेली मळी काढताना गुळव्याचे डोळे कुठे लागलेले असतात, ते तेव्हा दिसलं. लग्नात मी सगळं दिसेल असं बघत आलो होतो. काय अंधारात ठेवायचं, हे ठरवायची वेळ पहिल्यांदाच आली.

शेवटच्या दिवशी उरलेले पाच हजार ताईंनी मोजून हातात दिले. माहितीपट अजून पुरा व्हायचा आहे. तो कुठे दाखवला जाईल, कोणी बघेल की नाही, कोण जाणे.

परवा आणखी एक जण आले होते. बजेट लहान आहे, पण नाव होईल, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि खर्चाची वही बघायला मागितली. ते हसले, चहा संपवला, आणि फोन करतो म्हणून गेले. मला मुळीच वाईट वाटलं नाही. कमी पैशांत मी पुन्हा काम करीन. फक्त आधी वही बघेन.