पावसाळ्यात जुळलेलं कडं

जुलैतलं घाटकोपर. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत झाकण उघडं राहिलेलं कॅल्शियम क्लोराइड तासाभरात चिकट झालं होतं, आणि त्याच हवेत मला डीकमनची अभिक्रिया करायची होती.

वॉल्टर डीकमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली ती मांडली. डायएथिल अ‍ॅडिपेट ही सहा कार्बनांची साखळी. दोन्ही टोकांना एस्टर. सोडियम इथॉक्साइड एका टोकालगतच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतं. तो कार्बन वळून दुसऱ्या टोकाला भिडतो, इथॉक्साइड सुटतं आणि पाच कार्बनांचं कडं जुळतं. साखळीत एक कार्बन वाढवला तर सहांचं. त्याहून बऱ्याच लांब साखळीची टोकं मात्र एकमेकांना सहज सापडत नाहीत. ती शेजारच्या रेणूला जाऊन चिकटतात.

पहिल्या वेळी हाती आली नुसती पांढरी पूड. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला; कडं जुळलं असतं तर त्याचा रंग बदलला असता, पण तो पिवळाच राहिला.

“अल्कोहोल सुकवलं होतंस का गं?” मॅडमनी विचारलं. नव्हतं. नेहमीच्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाण्यामुळे इथॉक्साइडचा कॉस्टिक सोडा होतो आणि कडं जुळण्याआधीच एस्टर फुटतं.

दुसऱ्या खेपेला मॅग्नेशियम आणि आयोडीन घालून अल्कोहोल उकळलं, ऊर्ध्वपातन करून घेतलं. चंबू ओव्हनमधून गरमच काढला, कंडेन्सरवर गार्ड ट्यूब बसवली. रॉकेलमधला सोडियमचा तुकडा टिपकागदावर टिपून कापला; कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकली आणि बघता बघता काळवंडली.

रिफ्लक्स चालू असताना मॅडम रसायनशास्त्रज्ञ के. वेंकटरामन यांच्याबद्दल सांगत होत्या. इथून चार स्टेशनांवरच्या माटुंग्यातल्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक होते. त्यांचं नाव लागलेली बेकर–वेंकटरामन अभिक्रिया १९३३ची. तिच्यातही एकाच रेणूतला कार्बन त्याच रेणूतल्या एस्टरवर चालून जातो. पुढे आम्लात कडं मिटतं आणि फ्लॅवोन मिळतं, वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांचा मूळ सांगाडा.

मला सगळ्यात भावली ती डीकमनमधली शेवटची पायरी. जुळलेलं कडं इथॉक्साइडच पुन्हा उघडू शकतं. पण दोन कार्बोनिलांच्या मधला हायड्रोजन इतका आम्लधर्मी असतो, की बेस तो लगेच उचलतो आणि कडं क्षाराच्या रूपात टिकून राहतं. म्हणून बेस चिमूटभर घालून भागत नाही, रेणूस रेणू लागतो.

संध्याकाळी थंड, सौम्य आम्ल घालून वर्कअप केलं. पांढऱ्या टाइलवर एक थेंब, त्यावर फेरिक क्लोराइड. या वेळी कडेपासून गर्द जांभळा रंग चढत गेला. मॅडम चष्मा वर सारून टाइलवर वाकल्या.