नऊ धावा

आमच्या संध्याकाळच्या बैठकीत वाद हा चहासारखा असतो. तो आला नाही म्हणून कोणी रागावून उठून जात नाही, पण मनाला चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहते. रंकाळ्यावरून फिरून आल्यावर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी वकीलसाहेबांच्या सोप्यात टेकतो आणि दिवे लागणीनंतरही बराच वेळ हलत नाही. घरच्या मंडळींना आमच्या या चर्चांविषयी विशेष आदर आहे असे नाही. आमच्या बोलण्याने आजवर जगातील एकही प्रश्न सुटलेला नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

परवा वादाला तोंड फुटले ते फुटबॉलमुळे. कोल्हापूर हे तालमींचे गाव, आणि येथल्या तालमींनी कुस्तीइतकाच फुटबॉलही पोसला आहे, हे बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. त्या दिवशी एका संघाने अगदी शेवटच्या क्षणी गोल केला. केला म्हणण्यापेक्षा झाला म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण चेंडू खेळाडूच्या गुडघ्यावर आदळून आत गेला. हा तरुण सध्या पेठेच्या गळ्यातील ताईत आहे. त्याच्या हातून, की पायातून म्हणावे, असे गोल वरचेवर होतात. तेव्हा प्रश्न निघाला, पोराच्या अंगी कसब आहे की नुसतेच नशीब?

मी म्हटले, "नेमका त्याच जागी त्याचाच गुडघा दर वेळी कसा असतो, याचा विचार करा."

वकीलसाहेब हसले. त्यांच्या हसण्यात उलटतपासणीची पूर्वतयारी असते. "मास्तर, गुडघ्याचे सोडा. खेळातले मोठमोठे नाव घ्या, त्यात निम्मे नशीबच असते. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचेच पाहा ना!"

भाऊसाहेब निंबाळकर हे नाव काढल्यावर कोल्हापुरात कोणी गप्प बसत नाही. १९१९ साली याच गावी त्यांचा जन्म झाला आणि २०१२ च्या डिसेंबरात, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस कमी असताना, याच गावी त्यांनी देह ठेवला. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली आणि ती संपेचना. निंबाळकर व भांडारकर या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी उपाहाराला खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनने १९३० साली सिडनीस क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ पावलांवर उभा होता. लोक नऊ म्हणतात. नऊंनी बरोबरी झाली असती, ओलांडण्यास दहा लागल्या असत्या. पण दोन-तीन चौकारांचा हिशेब करताना इतके काटेकोर कोण होतो?

त्या दोन-तीन चौकारांना वेळच मिळाला नाही. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचे नाव अशा रीतीने जावे हे त्यांना रुचले नाही. महाराष्ट्राच्या बाजूने थोडका अवधी मागून पाहिला गेला, पण ठाकोरसाहेब बधले नाहीत. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घरी निघाला.

"बस्स!" वकीलसाहेब म्हणाले. "काठेवाडची गोलंदाजी ती काय, आणि तिच्यावर काढलेल्या धावा त्या काय! एकदा दान मनासारखे पडले. खरोखरीचे कसब असते तर त्यांना कसोटी सामन्यात घेतले नसते का?"

वकील मंडळींची ही एक खुबी असते. साक्षीदाराला जे मिळाले नाही तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे ठेवायचे. मी आयुष्यभर गणित शिकविले असल्यामुळे मला उत्तरादाखल एक वजाबाकी सुचली. ८२६ मधून निंबाळकरांच्या ४४३ आणि भांडारकरांच्या २०५ वजा करा. उरतात १७८. त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांपुढे बाकीच्या सर्वांच्या मिळून, अवांतर धावा धरूनही, एवढ्याच झाल्या. गोलंदाजी जर दुबळी होती तर ती सर्वांनाच दुबळी होती. मग एकालाच ४४३ कशा मिळाल्या?

वकीलसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. हे शुभचिन्ह होते. मी पुढे रेटले. मोठे विक्रम बलाढ्य गोलंदाजांपुढेच होतात असा कोठे नियम आहे? १९९४ साली ब्रायन लाराने नाबाद ५०१ धावा काढल्या त्या डरहॅमविरुद्ध, आणि डरहॅमचा संघ प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये येऊन दोनच वर्षे झाली होती. शिवाय त्या डावात आरंभी लाराचा त्रिफळा उडाला तो चेंडू नो-बॉल ठरला, आणि तो १८ वर असताना यष्टिरक्षकाने त्याचा झेल सोडला. याहून उघड नशीब ते कोणते? पण झेल सुटला तेव्हा लाराजवळ १८ धावा होत्या. उरलेल्या ४८३ त्या यष्टिरक्षकाने काढून दिल्या नाहीत.

"बरे, मग कसोटीचे काय?" वकीलसाहेबांनी जुनाच मुद्दा पुन्हा पटलावर ठेवला.

येथे मात्र माझा आवाज जरा चढला. ज्या हंगामात ही खेळी झाली त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी सामने खेळत होता, आणि त्यांपैकी तीन या खेळीनंतरचे होते. चारशे त्रेचाळीस धावा करून माणूस दारात उभा राहिला आणि आतून कोणी हाक मारली नाही. त्या वेळी संघात हजारे, रुसी मोदी, अमरनाथ असे फलंदाज होते, जागा अडलेली होती, हे खरे. आमच्याच गावी १९२५ साली जन्मलेले दत्तू फडकर त्या संघात होते. ते ३१ कसोट्या खेळले, आणि त्यांच्या अंगच्या गुणांनी ते सर्वस्वी योग्यच होते. निंबाळकर प्रथम दर्जाचे ८० सामने खेळले, ४८४१ धावा केल्या, सरासरी सत्तेचाळीसच्या वर राखली, वेळप्रसंगी गोलंदाजी केली, यष्टी राखली. पण अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला एकही आली नाही. कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत सामना तेवढा मिळाला. आणि रणजी स्पर्धेतील त्यांचा ४४३ चा उच्चांक मात्र पाऊण शतक लोटले तरी कोणाला हलविता आलेला नाही. २०२३ साली मुंबईचा पृथ्वी शॉ ३७९ पर्यंत पोचला आणि थांबला.

"म्हणजे वकीलसाहेब, धावा मिळाल्या ते नशीब, विक्रम हुकला तेही नशीब, कसोटी मिळाली नाही ते मात्र कसब नव्हते म्हणून! मग त्या माणसाच्या पदरी स्वतःचे असे काय ठेवता तुम्ही?"

सोप्यात क्षणभर शांतता पसरली. वादात जिंकल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. पण तसा तो झाला नाही, आणि घरी परतताना मला त्याचे कारणही ठाऊक होते.

कुस्तीत हा घोळ फारसा नसतो. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबागेच्या मैदानात पाठ लागली की लागली. चितपट झालेल्या पैलवानाच्या नशिबाची चर्चा घरी जाणारे प्रेक्षक सहसा करीत नाहीत. क्रिकेटची रचनाच निराळी. आरंभच नाणे उडवून होतो. उत्तम फलंदाजालाही एक चूक पुरते, आणि ती चूक झेलणाऱ्याच्या हातात मावली की नाही यावर सारा दिवस अवलंबून राहतो. म्हणून क्रिकेट पाहणाऱ्याला सुटलेले झेल मोजण्याची सवय लागते. मला ती फार होती.

माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा असेल. शास्त्रीनगरच्या मैदानावर शाळेच्या सामन्यात त्याने ६४ धावा काढल्या. मी दूर कडुनिंबाखाली सायकल टेकवून पाहत होतो. घरी आल्यावर त्याने बॅट भिंतीला लावली आणि आईला धावांचा आकडा सांगितला. तिने गूळ काढून त्याच्या हातावर ठेवला. मी चष्मा पुसत म्हणालो, "दोन झेल सुटले हो तुझे. नशीब थोर." मला यात काही कठोर बोललो असे वाटले नाही. मुलाने डोक्यात हवा जाऊ देऊ नये, हा शिक्षकाचा हिशेब. मुलगा म्हणाला, "हो." एवढेच.

पुढे काही दिवसांनी तो घरी येऊन म्हणाला, "आज चाळीस. पण एक झेल सुटला होता." त्यानंतर हा 'पण' त्याच्या बोलण्यातून कधी गेला नाही. मॅट्रिकला चांगले गुण पडले, पण पेपर सोपा होता. पुण्यास नोकरी लागली, पण उमेदवार थोडेच आले होते. परवाच, म्हणजे या वादाच्या आदल्या आठवड्यात, त्याचा फोन आला. "बाबा, बढती मिळाली. वरचे दोघे सोडून गेले, म्हणून." आता त्याच्या कानशिलावर केस पिकले आहेत. आणि अजून तो माझ्यासमोर आपल्या धावा सांगताना सुटलेले झेल आधी मोजून देतो.

वकीलसाहेबांना मी जी वजाबाकी ऐकविली ती मला सत्तरीत सुचली. मुलाच्या वेळी सुचली नाही. खरे पाहता त्या दिवशी मैदानावर आणखी दहा मुलांनी बॅट हाती धरली होती, आणि त्यांतल्या एकालाही तिशी गाठता आली नव्हती. मी झेल मोजले, हे मोजले नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्याला फोन केला. काही कारण नसताना मी फोन करीत नाही, म्हणून तो घाबरला. "बाबा, बरे आहे ना सगळे?" मी म्हणालो, सगळे बरे आहे. मग निंबाळकरांची, ठाकोरसाहेबांची, वकीलसाहेबांच्या चहाच्या पेल्याची सगळी हकिकत सांगितली. तो ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या त्या शास्त्रीनगरच्या चौसष्ट धावा. चांगल्या होत्या हं."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "बाबा, एकच झेल सुटला होता. एकोणीसवर असताना. दुसरा चेंडू टप्पा पडून त्याच्या हातात गेला होता. तुम्ही लांब होता, तुम्हाला दिसले नसेल."