जातो, गेला आणि 'वेन्ट'

इंग्रजीतले सर्वांत साधे क्रियापद कोणते, असे कुणी विचारले तर मी बेधडक 'गो' म्हणून सांगेन. जीव एवढासा, पण कामे किती! घड्याळ चालले की 'गो', दिवे गेले की 'गो', दूध नासले तरी 'गो', आणि उद्याचा बेत सांगायचा तर 'गोइंग टू' आहेच.

पण हेच क्रियापद भूतकाळात शिरले की वेष पालटते. परदेशात वाढणारी माझी नात गेल्या सुट्टीत आली होती. शाळेतली हकीकत सांगताना म्हणाली, "आय गोड देअर!" सूनबाईंनी लगेच दुरुस्त केले, "गोड नाही, वेन्ट." मला मात्र ते 'गोड' फारच गोड वाटले! तर्क तिचाच सरळ होता. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ होता 'एओदे'. तो मागे पडला आणि १५ व्या शतकाच्या सुमारास 'वेंड' या शेजाऱ्याचे 'वेन्ट' हे रूप 'गो'ने कायमचे उसने घेतले. 'वेंड' म्हणजे मूळचे वळणे. त्या बिचाऱ्याला मग 'वेंडेड' असे नवे रूप शिवून घ्यावे लागले. स्कॉटलंडातल्या लोकांनी मात्र 'गेड' असे सरळ रूप केले, थेट माझ्या नातीसारखे!

इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. आपण तरी काय करतो? 'जातो' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून आणि 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'पासून. दोन घरची माणसे एकाच क्रियापदात नांदतात.

फार वापरातल्या शब्दांचीच रूपे अशी वेडीवाकडी टिकतात, असे भाषेचे जाणकार सांगतात. ते खरेच. पण मला आपले वाटते, जाणे आणि गेलेले असणे या गोष्टी मुळात एक नाहीतच.

२०१४ साली मुलगा परदेशी नोकरीला निघाला, तेव्हा माझ्या आईने उंबरठ्यावर त्याला 'जातो' म्हणू दिले नाही. 'येतो' म्हणायला लावले. तो "येतो" म्हणाला आणि गेला. पुढच्याच वर्षी आई गेली. त्याला वेळेवर पोचता आले नाही. त्या 'गेला'त आणि या 'गेली'त केवढे अंतर! क्रियापद मात्र तेच.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. बोलणे संपले की तो 'ठेवतो' म्हणत नाही. "येतो, बाबा," म्हणतो.

मीही "ये" म्हणतो आणि फोन ठेवतो.