पाणी सोडणे

‘पाणी सोडणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ: पुरवठा सुरू करणे आणि हक्क त्यागणे. आम्हां ट्रॉम्बेकरांना ते अनेकदा एकत्रच भेटतात.

भातसा नदीचे पाणी पिसे येथे उपसले जाते, पांजरापूरला शुद्ध होते. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पिसे केंद्रातील ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि मुंबईत पाणीकपात झाली. यंत्रणा थांबायला क्षण पुरतो. सुरू होताना मात्र तुरटीने गाळ बसावा लागतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळावे लागते, क्लोरीन मिसळावे लागते, मग रित्या जलवाहिन्या भराव्या लागतात. वाहिनीच्या टोकाला दाब सर्वांत शेवटी पोहोचतो.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांना कपात वर्तमानपत्रातून कळते. ज्यांच्याकडे केवळ हंडे, त्यांना नळापाशी जागून. केंद्र सुरू झाले की नाही, हे शेवटच्या नळालाच विचारावे, असे आम्हांस वाटते.