वडिलांचा डायनामो

आमच्या वडिलांची १९५४ ची मॉरिस मायनर सिग्नलला थांबली, की तिचे दिवे देवघरातल्या समईसारखे मंद होतात. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ऑल्टरनेटर बसवा. गाडी उभी असली तरी बॅटरी भरेल." त्याचे खोटे नव्हते. आमचा ल्यूकस डायनामो पुरते २० अँपिअरही देत नाही, तेही इंजिन पळाल्यावर! पण ऑल्टरनेटर म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीपासून सोडवून ऋण बाजू जोडायची, सगळीच उलथापालथ. शिवाय त्या डायनामोचे ब्रश वडील स्वतः पुसत.

सौ. म्हणाली, "रात्री घाटात दिवे गेले, तर मामंजी येणार आहेत का?"

प्रश्न बिनतोड होता. तरीही मी आर्मेचर नव्याने गुंडाळून घेतले.

रात्री आम्ही आता टॅक्सीने जातो.