टक्केवारी पायाची आणि कामाची

चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्त्यावर खारबावच्या आसपास दुचाकी चालवणाऱ्याच्या एका बाजूला कंटेनर असतो आणि पुढ्यात खड्डा. या पट्ट्यातल्या जखमींचे दावे मी ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालवतो. ‘‘वकीलसाहेब, विमा कंपनी दोन लाख देतेय, घेऊन टाकू का?’’ असा फोन येतो, तेव्हा बहुतेकदा पायातला रॉडही निघालेला नसतो.

घरातल्यांची घाई मला कळते. दवाखान्याचे बिल उसनवारीवर भागवलेले, कमावता माणूस खाटेवर. पण त्या दोन लाखांत बिलांपलीकडे काय धरले आहे, हे आधी विचारायला हवे. झालेला खर्च हा नुकसानीचा सगळ्यात सोपा, आणि बऱ्याचदा सगळ्यात लहान भाग असतो. खरे नुकसान पुढच्या वर्षांच्या कमाईचे.

समजा, गोदामात माल चढवणारा 32 वर्षांचा हमाल आहे. महिन्याला 15,000 रुपये मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) निकालातल्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीने धरायची तो आकडा, 16. प्रणय सेठी (2017) निकालाने चाळिशीच्या आतल्या अशा कामगाराच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायला सांगितले. म्हणजे महिना 21,000, वर्षाला 2,52,000 आणि सोळापटीने 40,32,000. आता कमाई किती टक्के बुडाली? 10 टक्के म्हटले तर 4,03,200. 60 टक्के म्हटले तर 24,19,200. सगळी बोलणी या एका आकड्याभोवती फिरतात.

डॉक्टर दाखल्यावर पायाचे अपंगत्व लिहितात, आणि कंपनीचा अधिकारी त्याहून खाली, संपूर्ण शरीराच्या टक्क्यांवर येतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2010) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दोन्हींपलीकडचा प्रश्न विचारला: या माणसाच्या कामाचे काय झाले? डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. गुडघा न वाकणारा हमाल पाठीवर गोणी घेऊ शकत नाही, हे अधिकाऱ्यासमोर मांडताना माझा आवाज चढतो आणि तो चढायलाच हवा असे मला वाटते. मुकादमाचा जबाब, हजेरीची वही, बँकेतल्या नोंदी जमवायच्या त्या यासाठीच. रोखीने पगार घेणाऱ्याकडे कागद नसतो; तेव्हा निदान किमान वेतनाचा आधार धरून बोलावे.

पोलिसांना दिलेला जबाबही पुढे बोलतो. ‘खड्डा चुकवताना’ एवढेच लिहिले गेले की कंपनी निम्मी चूक जखमीवर टाकू बघते. खरे तेच सांगा, पण पूर्ण सांगा: समोरची गाडी कुठून आली, कोणत्या बाजूने, किती वेगात. आणि जागेवर दहा-वीस हजार घेऊन ‘मिटवून’ टाकू नका. गुन्ह्याची नोंदच नसली तर पुढचे सगळे अवघड होते.

तडजोडीच्या मी विरोधात नाही. वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा व्याजातले काही सोडून पैसे लवकर हाती आलेले अनेकदा बरे. रॉड काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च आणि बुडालेली कमाई मात्र मी सोडू देत नाही. लोकअदालतीत सही झाली की त्या निवाड्यावर अपील नाही; म्हणून जखम स्थिरावून अपंगत्वाचा दाखला हातात येईपर्यंत थांबावे. कंपनीने देऊ केलेली रक्कम नाकारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. मग न्यायाधिकरण पुरावा पाहून ठरवते.

थांबायचे म्हणजे दावा लांबवायचा नव्हे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. अर्ज आधी दाखल करावा, बोलणी त्यानंतर चालू द्यावीत.