सांचीच्या कठड्यावरील नावे

वसतिगृहातील दिवसांपैकी सांचीची ती एक दिवसाची सहल आम्ही अद्याप विसरलेलो नाही. नागपूरहून रात्रीच्या गाडीने भोपाळ गाठून सकाळी बसने आम्ही सांचीस पोहोचलो. सारिपुत्त व महामोग्गल्लान यांच्या अस्थिधातूंसाठी १९५२ साली उघडलेल्या चेतियगिरी विहारात वंदना घेतली आणि महास्तूपाकडे वळलो.

तेथील चार तोरणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण कोरले आहे. घोडा आहे, त्यावर छत्र धरले आहे. स्वार मात्र नाही. शेवटी केवळ दोन पाउले! 'बुद्ध कोठे आहेत?' असे आमच्यातील एकाने विचारताच सर म्हणाले, 'त्या काळी येथे बुद्धांची मूर्ती कोरीत नसत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन यांवरून ओळखायचे.' दक्षिणेच्या तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचाही आहे.

परंतु आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो ते दगडी कठड्यापाशी. त्यावर ब्राह्मी लिपीतील शेकडो लहान लेख आहेत. सरांनी एकेका लेखाची शेवटची दोन अक्षरे दाखवून वाचली : 'दानं'. कोणी विणकर, कोणी लेखनिक, कोणी व्यापारी, कोणी भिक्खुणी. ज्याने जो दगड दिला, त्यावर त्याचे नाव.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपण देणगीवर जेवतो, शिकतो, याची आम्हांला त्या वयात लाज वाटे. आमच्या खोलीच्या दाराशेजारी देणगीदाराच्या नावाची फरशी होती. गावाकडचे कोणी भेटीस आले, की आम्ही तिच्यावर टॉवेल टांगून ठेवीत असू.

कठड्यापाशी आम्ही एकमेकांकडे पाहिले; बोलले कोणीच नाही. परतल्यावर टॉवेल दोरीवर गेला. फरशीवरील नाव आम्ही प्रथमच पूर्ण वाचले. एका गिरणी कामगाराने आईच्या स्मरणार्थ ती देणगी दिली होती.

आज आम्ही मिळवते झालो आहोत. या स्मरणिकेच्या अखेरीस असलेल्या देणगीदारांच्या यादीत आमच्या तुकडीचेही नाव आहे. रक्कम मोठी नाही. कठड्यातील एका दगडाएवढीच. एखाद्या मुलाला पुढे दाराशेजारच्या फरशीचा संकोच वाटलाच, तर त्याला एकदा सांचीस न्यावे, एवढीच आमची विनंती.